पर्सपुढे वाकलेला बैल

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. माझा घसा लाकडाचा, लांबून ऐकू यायचा नाही. आज तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. गोष्ट माझीच आहे, पण माझ्यापेक्षा मोठ्या कुणाची तरी आहे. सांगता सांगता माझा आवाज मध्येच चढला तर दचकू नका. खऱ्या बैलाला राग आला की तो शिंगं उगारतो. माझी शिंगं कोरलेली, ती हलायची नाहीत. म्हणून मी नुसता बोलतो.

मी एक जुना लाकडी बैल आहे. उंची तुमच्या गुडघ्याएवढी. रंग मूळचा तांबूस, आता चहात बुचकळून काढल्यासारखा. एक कान तुटला होता, तो पुन्हा चिकटवलाय. आणि माझी मान खाली वाकलेली आहे. लाजेनं नाही, थकून तर नाहीच. ती मला घडवणाऱ्यानंच वाकवली, आणि का वाकवली ते तुम्हाला कळल्याशिवाय माझा राग कळायचा नाही.

मला घडवलं एका सुतारानं. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. चौकात एक मोठं कापडाचं दुकान होतं. त्याच्या थोरल्या मालकांनी मिस्त्रीला सांगितलं, नाताळात काचेच्या खिडकीत मांडायला गोठा करून दे. येशूबाळ, त्याची आई, त्याचे वडील, एक गाढव, एक बैल. दुसरा कुणी असता तर त्यानं माझ्यापासून सुरुवात केली असती, मोठं धूड आधी हातावेगळं केलेलं बरं म्हणून. मिस्त्रीची रीत उलटी. त्यानं आधी बाळ केलं. ओंजळीत मावेल एवढं, पाय पोटाशी घेतलेलं. ते त्यानं बाकावर मधोमध ठेवलं आणि मग आम्हा एकेकाला त्याच्याभोवती उभं करून कोरलं. डोळा कोरायची वेळ आली की तो माझ्या डोळ्यापासून बाळाच्या कपाळापर्यंत सुतळी ताणून धरायचा. सुतळी कुठं अडली की तेवढी मान आणखी तासायची. सुतळी मोकळी गेली तेव्हा कुठं त्यानं पटाशी खाली ठेवली.

म्हणून मित्रांनो, आमच्या सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. आईची, वडिलांची, गाढवाची आणि माझी. आमच्या मध्ये वीतभर जागा अशी आहे, की तिथं पाहिल्यावाचून आम्हाला दुसरं काही येतच नाही.

मिस्त्रीची लेक पुढे त्याच दुकानात खिडकी सजवायच्या कामाला लागली. तिला सगळे टाचणीताई म्हणत. पुतळ्यांना कपडे चढवताना, कापडाला चुण्या घालताना टाचण्या ओठांत धरायची तिला सवय. त्यामुळे दिवसभर हो आणि नाही, दोन्ही मानेनंच. पण तिनं टाचण्या काढून डबीत ठेवल्या, की दुकानातली माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायची. "पळा रे, ताई बोलणार आहे!"

नाताळ जवळ आला की ती आम्हाला बाहेर काढायची, ओल्या फडक्यानं पुसायची, तेलाचा हात फिरवायची. खिडकीत गवत पसरायची. बाळाला सगळ्यांत शेवटी ठेवायची, आणि ठेवण्याआधी गवत तळहातानं दाबून पाहायची, टोचेल की काय म्हणून. लाकडाच्या बाळाला! गाढव मला म्हणायचं, "हिला कुणीतरी सांगा रे." मी म्हणायचो, "तू गप. तुला कळत असतं तर तू गाढव कशाला झाला असतास?"

काय दिवस होते ते! माणसं काचेला नाक लावून उभी राहायची. काचेवर नाकांचे ठसे उमटायचे. आणि बाहेर फुटपाथवर ताईचे मामा उभे राहायचे. हे मामा उपदेशक, पण उपदेश बोलायचे कमी आणि गायचे जास्त. हातात खंजिरी. दोन वाक्यं सांगायची, दोन ओळी गायच्या, पुन्हा दोन वाक्यं. मैत्रीतला माणूस हळूच पाठीवर हात ठेवतो ना, तसा त्यांचा आवाज. ते गायचे:

घर मोठं, दार मोठं, राजा उभा बाहेर,
गोठा म्हणे, ये रे बाळा, घे गवताचा आहेर.

सामान वाहणारे हमाल थांबायचे, कचेरीतले बाबू थांबायचे, या देवाचे थांबायचे, त्या देवाचे थांबायचे, कुठल्याच देवाचे नसलेलेही थांबायचे. एकदा एक पाववाला ओरडला, "मामा, त्या बैलालाही गायला लावा की!" मामा म्हणाले, "तो गातोयच. पण तुझं सगळं लक्ष गिऱ्हाइकाकडे." सगळी गर्दी हसली, पाववाला सगळ्यांत जास्त.

पुढे थोरले मालक देवाघरी गेले आणि धाकटे मालक गादीवर बसले. माणूस वाईट नाही हो. दर रविवारी प्रार्थनेला जाणारा, सुरात नसलं तरी मनापासून गाणारा. पण त्यांनी एक जाहिरातवाला आणला. टोकदार बूट, गोड जीभ. त्यानं आल्या आल्या काचेवरची "नाताळच्या शुभेच्छा" ही अक्षरं खरवडून काढायला लावली आणि तिथं लिहिलं, "हंगामाच्या शुभेच्छा".

ताईनं टाचण्या डबीत ठेवल्या. "कसला हंगाम? आमच्यात हंगाम म्हणजे पेरणीचा, नाहीतर सर्दीपडशाचा."

"ताई, सगळ्यांना आपलं वाटायला हवं," जाहिरातवाला म्हणाला. "कुणाला परकं वाटता कामा नये. काळ बदललाय."

"काळ बदलला म्हणून वाढदिवस बदलतो होय? ज्याचा आहे त्याचं नाव घ्यायला लाज कसली?"

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मामा आले तेव्हा तिनं त्यांच्यापुढे मन मोकळं केलं. मला वाटलं, मामा आता खवळणार. पण मामा शांतपणे डबा उघडत म्हणाले, "जाऊ दे गं. दुकानाच्या काचेवर त्याचं नाव नसलं म्हणून प्रभूचं काय अडतंय? उलट बरंच झालं. काचेत ठेवला की कधी ना कधी त्याच्या पायाला किमतीची चिठ्ठी लागतेच."

"मग इतकी वर्षं तुम्ही काचेपुढे उभं राहून कशाला गायलात?"

"काच होती म्हणून नाही गायलो, पोरी. फुटपाथ होता म्हणून गायलो."

खरं सांगतो मित्रांनो, तेव्हा मला मामांचं पटलं. शुभेच्छा म्हणजे काही प्रार्थना नव्हे. दुकानदारानं कुठल्या शब्दांत नमस्कार करावा हा त्याचा प्रश्न. बाळ तर आमच्या मध्ये होतंच, मग काचेवर काय का लिहीनात. मी गाढवाला म्हटलं, "आपलं काय जातं?"

जायचं ते पुढच्या वर्षी गेलं.

त्या वर्षी जाहिरातवाल्यानं आईला उचललं, वडिलांना उचललं, आणि बाळालाही उचललं. "ही तिघं नकोत. ही एका धर्माची होतात. जनावरं राहू देत. जनावरं सगळ्यांचीच असतात." जनावरांना कुणी विचारलं नाही. गव्हाण ठेवली, गवत ठेवलं, वर चांदणी ठेवली. आणि त्या गवतावर, त्या वीतभर जागेवर, त्यानं एक लाल चामड्याची पर्स ठेवली.

मग तो बाहेर जाऊन काचेसमोर उकिडवा बसला आणि टाळी वाजवून उठला. "मालक! अहो, बघा तरी! बैल बघतोय, गाढव बघतंय, नजर नेमकी मालावर! अशी मांडणी मागून मिळत नाही!"

माझा फोटो काढला. तो फोटो चौकाचौकात लागला. मी, माझी वाकलेली मान, आणि माझ्या नाकाखाली ती पर्स. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, "यंदा सगळे वाकून पाहणार!"

तुम्हीच सांगा आता, मी काय करायचं? माणूस निदान तोंड फिरवतो, डोळे मिटतो. मला पापण्याच नाहीत. ज्या कपाळासाठी सुतळी ताणून माझी मान तासली, तिथं आता पर्सची पितळी कडी चमकत होती, आणि मी दिवसभर तिला नमस्कार करत उभा होतो. येणारे जाणारे हसायचे, "बैलालासुद्धा आवडली बघ!" आवडली? कुणाला आवडली? मला ओरडावंसं वाटायचं, अहो, मी त्या पर्सकडे बघत नाहीये! मी तिच्या जागी जो होता त्याच्याकडे बघतोय! पण लाकडाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं. गाढव तर बोलायचंच बंद झालं, आणि गाढव गप्प बसलं म्हणजे पाणी डोक्यावरून गेलंय असं समजा.

टाचणीताई त्या दिवसांत दुकानाच्याच दुसऱ्या कामाला बाहेर गेली होती. परतताना तिनं आधी चौकातला फोटो पाहिला. तशीच वर गेली, मालकांच्या टेबलापाशी. जिना खिडकीला लागूनच आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. त्या दिवशी टाचण्या डबीत ठेवायच्याही राहिल्या, तिनं त्या मुठीत धरल्या होत्या.

"मालक, एक विचारू? तुम्हाला येशू नकोय ना खिडकीत? नका ठेवू. दुकान तुमचं. मी रागावणार नाही. हंगाम म्हणा, थंडी म्हणा, फुगे लावा, बर्फाचा कापूस लावा, मी माझ्या हातानं लावून देते. पण मग गोठाही काढा. त्याला हाकलायचं आणि त्याची गव्हाण मात्र वापरायची, हे कुठलं शहाणपण? आहे तसं सगळं ठेवा, नाहीतर सगळं काढा. त्याच्या जागेवर पर्स नको."

"अगं ताई, तू फार मनाला लावून घेतेस. ती फक्त मांडणी आहे."

"माझ्या बापानं माना वाकवल्या त्या मांडणीसाठी नाही वाकवल्या."

मालक खालच्या आवाजात म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. माझ्या सासूबाई. हिच्या माहेरचा देव वेगळा, तुला ठाऊकच आहे. लग्नानंतर त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी वरून पाहिलं. खिडकीसमोर किती तरी वेळ उभ्या होत्या. आत आल्याच नाहीत, तशाच परत गेल्या. ते बाळ बघून त्यांना वाटलं असणार, हे आपलं ठिकाण नव्हे. मला माझ्या दारात कुणी असं परकं व्हायला नकोय. हे चुकलं का माझं?"

ताईनं मुठीतल्या टाचण्या एकेक करून डबीत ठेवल्या. माझाही राग अडखळला. सगळा खोटेपणा असता तर रागवायला किती सोपं झालं असतं! ती एवढंच म्हणाली, "ते नाही चुकलं. पण पर्स काढा."

"आता नाही जमायचं. फोटो सगळीकडे लागलेत. पुढच्या वर्षी बघू."

ताई खाली आली, खिडकीत शिरली. तिला पर्स काढायची परवानगी नव्हती, म्हणून तिनं पर्सला हात लावला नाही. तिनं गाढवाला उचलून फिरवलं. मला उचलून फिरवलं. आमची तोंडं मागच्या भिंतीकडे आणि बुडं रस्त्याकडे! काय सांगू, इतक्या दिवसांनी मानेला हायसं वाटलं. समोर नुसती पांढरी भिंत, पण ती कडी तर नाही.

घटकाभरात बाहेर हसण्याचा गलबला. मालक धावत आले. "अगं, गिऱ्हाइकाला बैलाचं बूड दाखवतेस?"

"तुमचा माल जागच्या जागी आहे, मी त्याला हात लावला नाही," ताई म्हणाली. "पर्स हलवायची परवानगी नव्हती. बैलाबद्दल तुम्ही काही बोलला नव्हता."

त्याच दिवशी तिला खिडकीवरून काढून बटणांच्या टेबलामागे बसवलं. आम्हाला पुन्हा फिरवलं. पुन्हा ती कडी.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सूनबाई, म्हणजे धाकट्या मालकांची बायको, पैसे घ्यायला बसली होती. गर्दी जरा ओसरल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, "ताईला बटणांवर का बसवलंत?" मालकांनी कारण सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "हे सगळं तुझ्या आईसाठीच तर केलं."

सूनबाई हातातल्या नोटा तशाच धरून त्यांच्याकडे बघत राहिली. "माझ्या आईसाठी? तिला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? उभ्या होत्या ना बाहेर."

"बाहेर उभी होती, कारण तुमच्यापैकी कुणी दारापर्यंत आलं नाही! न बोलावता लेकीच्या सासरच्या दुकानात शिरायला ती काय गिऱ्हाईक आहे? आणि इतका वेळ ते बाळच बघत होती ती. मी माहेरी गेले तेव्हा मला म्हणाली, कुणी केलंय गं, श्वास घेत असल्यासारखं वाटतं."

सूनबाईनं पदर सावरला, गर्दीतून वाट काढत बाहेर पडली. तिचं माहेर मागच्याच गल्लीत. थोड्या वेळात ती आईचा हात धरून परत आली, आणि या खेपेस मालक स्वतः दारात जाऊन उभे राहिले. "या आई. आत या." एवढंच म्हणाले. एवढंच म्हणायचं राहिलं होतं इतकी वर्षं!

म्हातारी आत आली. तिनं कापडं पाहिली नाहीत. सरळ खिडकीच्या मागच्या दारातून आमच्यापाशी आली, वाकली, पर्स उचलून बाजूला ठेवली. अगदी सहज, जेवायच्या पानावरून माशी हाकलावी तशी. मग तिनं तळहातानं गवत दाबून पाहिलं. गाढव आणि मी एकमेकांकडे बघू शकत नाही, पण त्या क्षणी आम्ही दोघं एकाच गोष्टीचा विचार करत होतो.

"बाळ कुठं निजवलंय?" तिनं विचारलं.

मालक वर गेले. बाळ अडगळीत टाकलं नव्हतं हो त्यांनी, तेवढं धैर्य त्यांना झालं नव्हतं. आपल्याच टेबलाच्या खणात रुमालात गुंडाळून ठेवलं होतं. ते घेऊन खाली आले. बटणांच्या टेबलामागून ताई उठून आली होती, पण मध्ये आली नाही, लांब उभी राहिली. बाळ सासूबाईंनीच निजवलं. बाहेर मामांची खंजिरी सुरू झाली. कुणी त्यांना सांगितलं कोण जाणे, की त्यांनी फुटपाथवरून पाहिलं. काचेवर पुन्हा नाकांचे ठसे उमटले. मित्रांनो, त्या संध्याकाळी काचेवर हंगामाच्याच शुभेच्छा लिहिलेल्या होत्या, आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही.

तुम्हाला वाटलं असेल, झालं, गोड शेवट. मलाही तसंच वाटलं होतं.

सणाची सुट्टी संपली, दुकान उघडलं आणि पहिला फोन जाहिरातवाल्याचा. फोटोत पर्स आहे, खिडकीत नाही, गिऱ्हाइकं विचारतायत, करारात काय लिहिलंय ते वाचा जरा. मालक "हो, हो" म्हणत राहिले. फोन ठेवून त्यांनी ताईकडे पाहिलं, आणि पर्स तिच्यापुढे केली. "फक्त हंगाम संपेपर्यंत. पुन्हा खिडकीवर येतेस का? तुझी जागा तुला परत."

ताईला ती खिडकी किती प्रिय होती ते मला विचारा. तिचं सारं तरुणपण त्या काचेमागं गेलं होतं. तिनं पर्स घेतली नाही. हातही पुढे केला नाही. "मालक, त्या दिवशी तुम्ही दारात जाऊन उभे राहिलात ना, ते मला फार आवडलं," ती म्हणाली. "पण हे माझ्या हातून व्हायचं नाही." तिनं टाचण्यांची डबी टेबलावर ठेवली आणि ती गेली.

पर्स दुसऱ्या कुणीतरी ठेवली. पुढच्या वर्षी आमचीही गरज उरली नाही, कापसाचा बर्फ आणि चमकीची हरणं आली. आता मी जिन्याखाली पडलोय, मोडक्या पुतळ्यांच्या हातापायांत. बाळ अजून वरच्या खणात आहे. मालक अधूनमधून खण उघडतात. मला त्याचं करकरणं ऐकू येतं. थोडा वेळ शांतता, मग खण बंद. दरवेळी मला वाटतं, आता जिन्यावर पावलं वाजतील. वाजत नाहीत. मान वाकलेली ठेवून वाट बघणं फार अवघड असतं, मित्रांनो. जमिनीपलीकडे काही दिसत नाही.

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगतो. सगळ्यांना आत बोलवा, जरूर बोलवा. दारात जा, हात धरा, नावानं हाक मारा. शुभेच्छा तुमच्या मनाला येतील त्या शब्दांत द्या. पण पाहुण्यांना जागा करायची म्हणून ज्याच्या घरी जेवण आहे त्यालाच उठवू नका, आणि उठवलंच, तर त्याच्या पाटावर विकायचा माल मांडू नका. जुन्या वस्तू जपा असं सगळ्याच जुन्या वस्तू सांगतात. मी म्हणतो, ती वस्तू कुणाकडे बघतेय तेही जपा.

माझं काय, मी लाकूड. मला विसरलात तरी चालेल. पण टाचणीताईला विसरू नका. ती आता घरीच लोकांचे पडदे शिवते, मामांच्या उपदेशाला मागच्या रांगेत बसते, आणि गाणं आलं की टाचण्या काढून ठेवते. आज प्रार्थनेला हात जोडाल तेव्हा तिच्यासाठीही दोन शब्द बोला.